दिव्याची कळ

विजेचा दिवा कोणता घ्यावा, ह्या विषयावर बोलायला कामगार-चळवळीतल्या माणसाने का उभे राहावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. हल्ली बाजारात रंग बदलणारे ‘स्मार्ट’ दिवे आले आहेत. मोबाइलवर बोट फिरवले की दिवाणखाना क्षणात निळा आणि क्षणात केशरी होतो. नुसते तोंडाने सांगितले तरी दिवा ऐकतो. अशा दिव्यांची निवड हा विषय खरे म्हणजे दुकानदाराचा किंवा इंजिनिअराचा. आम्ही दहावीनंतर शाळेची पायरी उतरलो ती पुन्हा चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या कृपेने. परंतु दिवा ही वस्तू जितकी इंजिनिअराची तितकीच कामगाराची आहे. त्या लहानशा गोळ्याच्या पोटात सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास भरलेला आहे. त्यात कामाचे तास आहेत, कारखानदारांचा एक करार आहे, आणि एका नोकराने कोर्टात दिलेला झगडाही आहे. तो इतिहास ठाऊक असला की दुकानातल्या खोक्यावरची जाहिरात निराळ्या नजरेने वाचता येते.

प्रथम सूर्यास्ताची गोष्ट सांगितली पाहिजे. १८८४ सालच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या की मन भरून येते, इतक्या त्या माफक आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी; दुपारी अर्धा तास विसावा मिळावा; महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा; यंत्रावर जायबंदी झालेल्याला काही भरपाई मिळावी; आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. ह्या शेवटच्या मागणीपाशी आम्ही नेहमी थबकतो. संध्याकाळची घड्याळातली वेळ त्यांनी मागितली नाही, सूर्यास्त मागितला. गिरण्या तेव्हा उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम मोठे, हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम थोडे कमी. कापसाच्या तुसाने भरलेल्या खात्यात उघडी ज्योत नेणे म्हणजे आगीला आवतण; तेव्हा अंधार पडला की बहुतेक मालकांना हात आखडता घ्यावा लागे. सूर्य हाच त्या काळचा खरा फॅक्टरी इन्स्पेक्टर होता, आणि त्याला चिरीमिरी देण्याची सोय नव्हती.

विजेच्या दिव्याने हा इन्स्पेक्टर घरी बसवला. एडिसनचा दिवा १८७९ चा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले ते १८८२ साली. ती कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि शहर पुन्हा गॅसच्या बत्तीवर आले. पण वीज एकदा आली ती कायमची जाणार नव्हती. इकडे लोखंड्यांच्या प्रयत्नांना १० जून १८९० रोजी यश येऊन रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी अकरा तासांची आणि मुलांसाठी सात तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुषांसाठी मात्र काहीच नाही. आणि नेमक्या ह्याच फटीतून दिवा आत शिरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे बसू लागले. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी आली तेव्हा दिवे बसवलेल्या गिरण्यांत चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास काम चालले. काच तीच, तार तीच. साहेबाच्या बंगल्यात ती शोभा होती आणि साचेखात्यात तीच आणखी दोन-तीन तासांची वेठ होती. वर्तमानपत्रांत ओरड झाली, १९०६ साली समिती बसली, मग कमिशन बसले, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांनाही बारा तासांची मर्यादा मिळाली. १९२२ साली ती अकरावर आली, १९३४ साली दहावर, १९४८ साली नवावर. सूर्यास्त गेला तो गेलाच. त्याच्या जागी कायद्याने घड्याळ बसवायला दीर्घ काळ लागला.

आमचे वडील साचेखात्यात होते. तिसऱ्या पाळीहून सकाळी घरी आले की खिडकीवर आईची जुनी लुगडी बांधून ते अंधार करीत व झोपत. दिव्याचे त्यांना कधी कौतुक वाटले नाही. असो.

आता दिव्याच्या आयुष्याकडे वळू. जुन्या तारेच्या दिव्याला नेहमी एकच प्रश्न विचारला जाई : हा टिकतो किती? ह्या प्रश्नाचे उत्तर काही वर्षे जिनिव्हा शहरात ठरत होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२४ सालच्या नाताळाच्या तोंडावर जगातल्या मोठ्या दिवा-कारखानदारांनी तेथे एक करार केला. जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स, हंगेरीची तुंग्सराम, फ्रान्सची दिवा-कंपनी, इंग्लंडमधले उत्पादक, जपानची टोकियो इलेक्ट्रिक, आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या परदेशी शाखा अशी मंडळी त्यात होती. संस्थेला नाव दिले ‘फीबस’. ग्रीकांच्या सूर्यदेवाचे हे एक नाव. सूर्याला कामावरून काढले आणि त्याचे नाव पाटीवर लावले, अशातला प्रकार! ह्या मंडळींनी जगाच्या बाजारपेठा आपसांत वाटून घेतल्या, कोणी किती दिवे विकायचे ते ठरवले, आणि घरगुती दिव्याचे आयुष्य सरासरी एक हजार तास असावे असा दंडक घातला. दंडक नुसता कागदावर नव्हता. प्रत्येक कारखान्याने आपले नमुने स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवायचे. दिवा ठरल्यापेक्षा फार जास्त टिकला तर कारखान्याला दंड. मालाने जास्त टिकावे हा गुन्हा आणि त्याला दरपत्रकाप्रमाणे शिक्षा, असा कायदा आम्ही दुसरीकडे वाचलेला नाही. सभासद-कारखान्यांच्या दिव्याचे सरासरी आयुष्य १९२६ साली अठराशे तास होते. १९३३-३४ साली ते बाराशे पाच तासांवर आले.

येथे दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तारेचा दिवा हा मुळात तडजोडीचा धंदा आहे. तार जितकी जास्त तापवावी तितका उजेड जास्त आणि पांढरा, पण तितकीच ती लवकर झिजून तुटते. कमी तापवली तर वर्षानुवर्षे टिकते, परंतु उजेड मंद, पिवळट, आणि त्या मानाने वीज जास्त जळते. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावच्या अग्निशामक ठाण्यात १९०१ पासूनचा एक दिवा आजही जळतो आहे म्हणून लोक मोठ्या भक्तीने सांगतात. जळतो हे खरे. पण उजेड देतो तो रात्री उशाशी ठेवायच्या झिरोच्या दिव्याएवढा. इंग्लंडच्या मक्तेदारी-चौकशी आयोगाने १९५१ साली आपला अहवाल दिला, त्यातही हजार तासांची मर्यादा तांत्रिक दृष्ट्या अवाजवी नाही असेच म्हटले होते. मग आमचा आक्षेप कशावर? मर्यादा ठरवण्याच्या अधिकारावर. गिऱ्हाइकाला जास्त उजेड हवा की जास्त आयुष्य, हे गिऱ्हाइकाला विचारलेच गेले नाही. चार भिंतींआड ठरले, आणि त्यातून होणाऱ्या जादा विक्रीचा फायदा ठरवणाऱ्यांच्या पदरात पडला. पगाराचे दर असे एकतर्फी ठरले तर आम्ही काय म्हणतो, ते येथे निराळे सांगायला नको.

ह्या कराराला पहिला मोठा धक्का कोणा सरकारने दिला नाही, तर स्वीडनच्या ग्राहक सहकारी संघाने दिला. त्यांनी १९३०-३१ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये ‘लुमा’ नावाचा स्वतःचा दिवा-कारखाना काढला, आणि तो निघताच त्या देशात दिव्यांचे भाव उतरले. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि फीबसची सभाच मोडली. सहकाराचे गोडवे गाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. साखर आणि दूध ह्यांच्या पलीकडे दिवासुद्धा सहकारात बनला होता, ही गोष्ट त्यांनी टिपून ठेवण्यासारखी आहे.

तार तापवून उजेड काढण्याचे दिवस संपवले ते डायोडने, म्हणजे ज्याला आपण एलईडी म्हणतो त्याने. त्याची कुळकथा मोठी चमत्कारिक आहे. कार्बोरंडमच्या खड्यातून वीज सोडली की तो उजळतो, हे इंग्लंडच्या हेन्री राउंडने १९०७ साली पाहिले आणि एका पत्रात चार ओळी लिहून तो दुसऱ्या कामाला लागला. रशियात ओलेग लोसेव्ह नावाच्या तरुण तंत्रज्ञाने १९२० नंतर ह्याच उजेडाचा चिकाटीने अभ्यास केला. त्याच्यापाशी मोठी पदवी नव्हती, प्रयोगशाळेत तो खालच्या पायरीवरून वर आलेला; १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. पुढे १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याकने डोळ्यांना दिसेल असा लाल डायोड बनवला. हा होलोन्याक इलिनॉयमधल्या एका स्थलांतरित कोळसा-खाणकामगाराचा मुलगा. तरुणपणी तो रेल्वेवर मजुरी करीत असे. एकदा सलग तीस तास काम केल्यावर त्याने ठरवले, की ह्यापेक्षा शिकलेले बरे. लाल झाला, मग पिवळा-हिरवा झाला. पण निळा काही केल्या होईना. आणि निळ्यावाचून पांढरा नाही, कारण लाल, हिरवा आणि निळा ह्या तिघांच्या मेळाने पांढरा उजेड होतो. तीस वर्षे जगातल्या मोठमोठ्या कंपन्या ह्या निळ्यापाशी अडल्या.

ती गाठ सोडवण्यात नागोयाचे इसामु आकासाकी आणि त्यांचे शिष्य हिरोशी आमानो यांचा वाटा मोठा आहे. गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवण्याची युक्ती त्यांनी १९८६ च्या सुमारास साधली. परंतु आम्हाला सांगायची आहे ती शूजी नाकामुरा ह्या नोकराची गोष्ट. शिकोकू बेटावर आनान नावाच्या लहानशा गावात निचिया नावाची कंपनी होती. ट्यूबलाइटच्या आणि टेलिव्हिजनच्या काचेला आतून लावायच्या चकाकत्या भुकट्या ती बनवी. नाकामुरा तेथे १९७९ साली लागला. भट्टीच्या काचनळ्या स्वतः वितळवून जोडायच्या, स्फोट झाला की खोली झाडायची आणि पुन्हा सुरुवात करायची, अशी त्याची दहा वर्षे गेली. १९८८ साली त्याने म्हाताऱ्या संस्थापकाला, नोबुओ ओगावाला, गाठून सांगितले की मला निळा डायोड करायचा आहे. त्या गृहस्थाने लहान कंपनीच्या तिजोरीतून कोट्यवधी येन काढून दिले आणि त्याला वर्षभर अमेरिकेला पाठवले. म्हाताऱ्याचे हे ऋण मान्य केले पाहिजे. पुढे कारभार जावयाच्या हाती गेला आणि काम बंद करण्याचे हुकूम सुटले. नाकामुराने ते बाजूला सारले आणि काम चालू ठेवले. १९९३ च्या नोव्हेंबरात कंपनीने झगझगीत निळा डायोड जाहीर केला. १९९६ साली त्याच निळ्यावर पिवळ्या भुकटीचा लेप देऊन पांढरा दिवा बाजारात आला. आज आपल्या घरातल्या बहुतेक पांढऱ्या एलईडीची ही युक्ती.

आणि शोध लावणाऱ्याला काय मिळाले? पेटंटासाठी दहा हजार येन अर्ज करताना आणि दहा हजार मंजूर झाल्यावर, एकूण वीस हजार येन. एवढ्यात टोकियोत एखाद्या कुटुंबाचे बरे जेवण होईल. १९९९ साली त्याने नोकरी सोडली, तो अमेरिकेत प्राध्यापक झाला, कंपनीने त्याच्यावर गुपिते फोडल्याचा दावा लावला, आणि २००१ साली त्याने टोकियोच्या जिल्हा न्यायालयात कंपनीवर दावा लावला. जपानच्या पेटंट-कायद्यात पस्तिसावे कलम होते : नोकराच्या शोधाचा हक्क मालकाने घेतला तर त्याने वाजवी मोबदला द्यावा. ३० जानेवारी २००४ रोजी निकाल लागला. कोर्टाने हिशेब मांडला, की ह्या पेटंटाच्या मक्त्यातून कंपनीला मिळणारा लाभ सुमारे १२,०८० कोटी येन, आणि त्यात शोधकाचा वाटा निम्मा. म्हणजे ६,०४० कोटी. पण त्याने मागितले होते २,००० कोटी, तेवढे द्या. साऱ्या जपानच्या मालकवर्गाची झोप उडाली. कंपनी वरच्या कोर्टात गेली आणि ११ जानेवारी २००५ रोजी तडजोड झाली ती ८४ कोटी येनांवर, व्याज धरून, आणि त्याच्या सगळ्याच शोधांपोटी. नाकामुराने रक्कम घेतली आणि न्यायपद्धतीवर उघड कडवट टीका केली.

कंपनीचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. जोखीम तिने घेतली, आणि त्या खोलीत नाकामुराबरोबर राबणारे दुसरेही तरुण होते. पण ह्या युक्तिवादाचे आम्हाला नवल वाटते ते असे, की सहकाऱ्यांची आठवण मालकाला फक्त एकाला पैसे द्यायची वेळ आली तेव्हाच झाली. सर्वांनी मिळून केले, तर सर्वांना द्या! जर्मनीत १९५७ पासून नोकरांच्या शोधांसाठी वेगळा कायदा आहे आणि मोबदल्याची रीत त्यात घालून दिली आहे. आपल्या १९७० च्या पेटंट-कायद्यात असे कलम नाही. जे ठरायचे ते नेमणुकीच्या करारात ठरते, आणि तो करार कोण लिहितो हे सर्वांना ठाऊक आहे. जपानने त्या निकालानंतर कायदा दोनदा बदलला, आणि २०१५ च्या दुरुस्तीने शोधाचा हक्क आरंभापासूनच कंपनीचा ठरवण्याची मुभा दिली. २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते ह्या दुरुस्तीच्या अगदी तोंडावर. पारितोषिक देणे तुलनेने स्वस्त पडते.

आपल्याकडे एलईडी घरोघर गेला तो सरकारी घाऊक खरेदीमुळे. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. त्याआधी एका दिव्याचा खरेदीचा भाव ३१० रुपये पडत होता, तो दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला. ह्या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. मागणी एकत्र केली की भाव पडतो, हे सामुदायिक सौद्याचे साधे गणित आहे. मजुरीच्या बाबतीत ते आम्ही रोज मांडतो.

आता रंग बदलणाऱ्या दिव्याकडे येऊ. फिलिप्सचा ‘ह्यू’ नावाचा संच ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला : तीन दिवे आणि एक मध्यस्थ पेटी, किंमत १९९ डॉलर. आज आपल्या बाजारात अनेक कंपन्यांचे असे दिवे मिळतात आणि पुष्कळ खोक्यांवर लिहिलेले असते : १ कोटी ६० लाख रंग! हा आकडा आकाशातून पडलेला नाही. आत लाल, हिरवे आणि निळे असे तीन जातींचे डायोड असतात; प्रत्येकाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या. तिहींचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ येतात. गणित बरोबर आहे, पण एवढे रंग ओळखणारा डोळा कोणाच्या कपाळी नाही. उजेड कमी-जास्त करण्याची रीतही गमतीची आहे : डायोड मंद होत नाही, तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उघडझाप करतो आणि डोळ्याला ते मंद वाटते. खोक्यावर पाहायचे ते निराळेच. शुद्ध लाल किंवा निळा लावला की उजेड पांढऱ्याच्या मानाने पुष्कळ कमी पडतो, म्हणून तीन रंगांखेरीज वेगळे पांढरे डायोड असलेला दिवा घ्यावा. ल्युमेन किती ते पांढऱ्यासाठीच लिहिलेले असतात. पांढऱ्यातही २७०० केल्व्हिनचा म्हणजे जुन्या तारेच्या दिव्यासारखा पिवळसर, आणि ६५०० चा म्हणजे दुपारच्या आभाळासारखा निळसर. दोन्ही देणारा असावा. होल्डर पिनचा की आट्यांचा, हे घरून पाहून जावे. आणि जुन्या डिमरवर असा दिवा कधी लावू नये. खोक्यावर पंधरा-पंचवीस हजार तासांचे आयुष्य लिहिलेले असते. ते डायोडचे, त्यामागची चिमुकली विद्युत-पेटी, विशेषतः तिच्यातला कपॅसिटर, उष्णतेने आधी जातो. बंद काचेच्या हंडीत तर फारच लवकर. दुबईच्या नगरपालिकेने आग्रह धरला तेव्हा २०१६ साली जास्त डायोड घालून ते कमी ताणाने चालवणारा, थोड्या विजेत भरपूर उजेड देणारा आणि फार काळ टिकावा असा दिवा तयार करून मिळाला. तो विकला जाई मात्र फक्त दुबईत. फीबस गेला तरी आयुष्य कोण ठरवतो हा प्रश्न अजून शिल्लक आहे, तो असा.

परंतु स्मार्ट दिव्यात आयुष्याचा आणखी एक प्रकार निघाला आहे, आणि जुन्या कारखानदारांना तो सुचला नव्हता. दिवा शाबूत, वीज शाबूत, आणि तरी दिवा हुकूम ऐकत नाही, कारण हुकूम जातो तो दूरच्या कंपनीच्या संगणकामार्फत आणि तो संगणक बंद झालेला असतो. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची घरगुती स्वयंचलनाची मोठी जुनी व्यवस्था होती. एप्रिल २०२२ मध्ये एके दिवशी कंपनीने गिऱ्हाइकांना न सांगता-सवरता आपले संगणक बंद केले. हजारो घरांतले ॲप मुके झाले. मग जूनमध्ये त्या गिऱ्हाइकांतल्याच काही जणांनी एकत्र येऊन ती विकत घेतली आणि संगणक पुन्हा चालू केले. लुमाची आठवण यावी अशी ही गोष्ट. फिलिप्सच्या पहिल्या मध्यस्थ पेटीचेही पाहा : २०१२ ला निघाली, एप्रिल २०२० च्या अखेरीस तिचा आधार काढून घेतला आणि इंटरनेटशी तिचा संबंध तुटला. घरातल्या घरात ती चालत राहिली आणि दिवे नव्या पेटीशी जोडता येत होते, हे त्यातल्या त्यात बरे.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न रंगाचा नव्हे. हुकूम कुठून कुठे जातो, हा पहिला प्रश्न. काही दिवे थेट घरच्या वायफायवर चालतात; पेटी लागत नाही, पण प्रत्येक दिवा वायफायवर एक जागा अडवतो, आणि स्वस्त जातीतले पुष्कळसे दूरच्या संगणकावाचून पांगळे असतात. दुसरी जात झिगबीची. हे नाव मधमाशांच्या नाचावरून पडले. ह्यात एक दिवा निरोप दुसऱ्याकडे देतो, दुसरा तिसऱ्याकडे. स्लॅब भरताना घमेली हातोहात जातात तसे. पेटी एक लागते, परंतु निरोप घराबाहेर गेला पाहिजे असे नाही. रांगेतल्या एखाद्या दिव्याचे भिंतीवरचे बटण कोणी बंद केले तर त्या ठिकाणी माणूस उठून गेल्यासारखे होते, एवढे लक्षात ठेवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून ‘मॅटर’ नावाचे सामाईक प्रमाण जाहीर केले. त्याचा शिक्का असलेला दिवा निरनिराळ्या कंपन्यांच्या व्यवस्थेत आणि घरातल्या घरात चालावा अशी अपेक्षा आहे. आणि ज्यांना थोडी खटपट करायची हौस आहे त्यांच्यासाठी ‘होम असिस्टंट’ नावाची मोफत संगणक-प्रणाली २०१३ पासून आहे. एका डच तरुणाने सुरू केली, जगभरच्या लोकांनी वाढवली. लहानशा संगणकावर ती आपल्याच कपाटात चालते.

आमचे एक जुने सहकारी डोंबिवलीला राहतात. सून परिचारिका, तिला आठवड्याआड रात्रपाळी. मुलाने हौसेने आठ स्वस्त वायफायचे दिवे आणले, कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. एका रात्री तीन वाजता वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली. आली ती आठही दिवे भर उजेडाने पेटवून! सारे घर उठून बसले, नात रडू लागली. म्हातारे म्हणाले, “अरे, हा दिवा आहे की गिरणीचा भोंगा?” मुलगा ॲप शोधत राहिला. त्याने शेवटी बटणे बंद केली तेव्हा शांत झाले. चांगल्या दिव्यात वीज परत आल्यावर काय करायचे, पूर्वी होता तसाच राहायचे की बंदच राहायचे, हे ठरवून ठेवता येते. भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्रात हा गुण रंगांच्या आधी विचारावा.

सुनेची गोष्ट मात्र निराळी. निळसर उजेड डोळ्यातल्या ज्या पेशींना जागवतो आणि झोपेचे रसायन रोखतो, त्या पेशींचा पत्ता २००२ च्या सुमारास लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीला बहुधा कर्करोगकारक कामांत गणले. त्याचा इलाज दिव्यात नाही. पाळ्यांची आखणी, माणसांची भरती आणि विसावा ह्यांत तो आहे, आणि त्यासाठी रुग्णालयातली युनियन भांडते आहे. पण रात्रपाळीहून आलेल्या बाईला मंद तांबूस उजेडात हातपाय धुऊन पडता यावे, एवढे तरी घरात व्हायला हरकत नाही. आमच्या वडिलांच्या खिडकीवर लुगडी होती. हिच्या खोलीत तांबूस दिवा आहे.

त्या घरात शेवटी झिगबीचे तीनच रंगीत दिवे राहिले : एक सुनेच्या खोलीत, एक नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर, एक बैठकीच्या कोपऱ्यात. बाकी पाच जागी उजालाचे साधे. म्हाताऱ्यांनी वहीत हिशेब मांडला होता. स्मार्ट दिवा विझलेला असला तरी हुकुमाची वाट पाहत अर्ध्या वॅटच्या आसपास वीज खातो. वर्षाचे ८,७६० तास धरले तर एका दिव्यामागे सुमारे ४.३८ युनिट. तीन दिव्यांचे तेरा युनिट, आठांचे पस्तीस. आणि कंपनीची पेटी पुढे-मागे बंद पडली तर म्हणून त्यांनी मुलाकडून तिन्ही दिव्यांची भिंतीवरची जुनी बटणे काढू दिली नाहीत.